उन्हाळ्यात कारच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची? पारोळ्याजवळचा अनुभव आणि काही प्रश्न

तापीकाठ | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. परवा जळगावहून नाशिकला निघालो होतो. भाचीची हळद होती. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. डिकीत केळीचा घड, पापडांचे दोन डबे, कळण्याच्या पिठाची पिशवी, कपड्यांच्या बॅगा. गाडी साधी हॅचबॅक, टायर चार वर्षांचे, नक्षी अजून चांगली.

दुपारी साडेबाराच्या सुमारास पारोळा मागे टाकून धुळ्याकडे जात होतो. काटा ९० च्या आसपास. गाडी मागून किंचित डोलतेय असं पाच-सात मिनिटं वाटत होतं, मी वाऱ्यावर सोडून दिलं. मग मोठा आवाज झाला आणि मागची डावी बाजू खाली बसली. मागे ट्रक नव्हता, डावीकडे मोकळी जागा होती, म्हणून आज हे लिहितोय.

स्टेपनी काढली तर तीही अर्धी बसलेली. आई बाभळीच्या सावलीत तासभर उभी होती. ऊन ४४ चं. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

पुढच्या पंक्चरवाल्याकडे गेल्यावर त्याने फुटलेला टायर रिमवरून उतरवला, उलटा केला आणि आत हात फिरवून तळहात माझ्यासमोर धरला. तळहातावर चहाच्या भुकटीसारखा काळा चुरा होता. टायरच्या आतल्या बाजूने, कडेला, गोल फिरत गेलेला एक काळपट घासलेला पट्टा होता. तो म्हणाला, "भाऊ, हा टायर जास्त हवेने नाही गेला. कमी हवेने गेला."

मी हे का विचारतोय ते सांगतो. निघताना एका पंपावर हवा तपासली होती. तिथला मुलगा म्हणाला, "ऊन खूप आहे, २८ ठेवतो, गरम झाल्यावर आपोआप वाढते." मला ते पटलं, कारण वडिलांकडूनही हेच ऐकत मोठा झालो. उन्हाळ्यात हवा कमी, हिवाळ्यात जास्त. आता कोणाचं खरं मानायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आईला घेऊन निघायचं आहे.

केळीबाग_सावदा | १२ मे, रात्री १०:०२

भाऊ, सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. आई कशा आहेत आता?

तापीकाठ | १२ मे, रात्री १०:०८

बऱ्या आहेत. दोन दिवस डोकं दुखत होतं, ऊन लागलं होतं. कैरीचं पन्हं आणि आराम.

जुना_ड्रायव्हर | १२ मे, रात्री १०:५५

मी भुसावळचा. चाळीस वर्षं गाडी चालवतोय. आधी जीप, मग ॲम्बेसिडर, आता मुलाची कार. आम्ही ॲम्बेसिडरला उन्हाळ्यात २४ च्या वर कधी हवा भरली नाही, आणि भुसावळचा उन्हाळा काय असतो ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. डांबर पायाला चिकटतं. अशा रस्त्यावर टणक टायर फुटणारच. माझं मत: २८ बरोबर होतं, तुमचा टायरच खराब असणार. टायर मना शे, अनुभव मना शे, म्हणून सांगतो.

वॉल्व_पिन | १३ मे, सकाळी ७:२०

माझं धुळ्यात टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. हा धागा वाचून रात्रीच लिहायचं होतं. तुमच्या पंक्चरवाल्याने अगदी बरोबर सांगितलं. असे टायर मे महिन्यात आठवड्याला दोन-तीन येतात माझ्याकडे.

आधी तो चुरा काय असतो ते सांगतो. टायरमध्ये हवा कमी असली की वजनाने त्याची बाजूची भिंत रस्त्याला टेकते त्या ठिकाणी चेपते, आणि चाक फिरलं की सरळ होते. ९० च्या वेगाला हे सेकंदाला बारा-तेरा वेळा होतं. एखादी तार हाताने वाकवत राहिलात तर ती वाकलेल्या जागी गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच. आतलं रबर एकमेकांवर घासून चुरा होतो, आतले धागे रबरापासून सुटतात, आणि भिंत फाटते. रस्ता गरम असतो हे खरं, पण टायरला मारणारी उष्णता त्याच्या स्वतःच्या वाकण्यातून येते. हवा जितकी कमी, तितकं वाकणं जास्त, तितकी उष्णता जास्त. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी केली की आपण गरम रस्त्याच्या जोडीला आणखी एक चूल पेटवतो.

गाडी मागून डोलत होती असं तुम्ही लिहिलंय. तीच ती वेळ. तेव्हा थांबून मागे जाऊन बघितलं असतं तर टायर दबलेला दिसला असता. दोष देत नाही, पुढे कोणाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. मागून गाडी लोंबल्यासारखी वाटली, एका बाजूला ओढली, स्टिअरिंग जड झालं, तर बाजूला घ्या.

आता नाना, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून. ॲम्बेसिडरला २४ चालत होतं, कारण ते टायरच वेगळे होते. ट्यूबचे, जाड भिंतीचे, धागे तिरपे असलेले. गाडी ६० च्या वर फारशी जात नव्हती. आजचे रेडियल ट्यूबलेस, म्हणजे सरळ धाग्यांचे बिनट्यूबचे टायर, पातळ भिंतीचे असतात, त्यांना उभं ठेवायचं काम हवाच करते. आकडा गाडीबरोबर बदलला, आपल्या डोक्यातला तोच राहिला.

मग आकडा कुठे बघायचा? ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीच्या खांबावर एक स्टिकर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. त्यावर पुढची हवा आणि मागची हवा, कमी माणसं असताना आणि गाडी भरलेली असताना, असे वेगवेगळे आकडे असतात. तुमच्या गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्या पट्टीचा. टायरवर कडेला जो मोठा आकडा असतो, ४४ किंवा ५१, तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तो भरायचा आकडा नाही. तो बघून ४४ भरून येणारेही मी पाहिलेत. त्यांची गाडी खड्ड्यावर उडते आणि टायर मधोमध झिजतो.

तापीकाठ, तुमच्या पट्टीवर काय लिहिलंय ते बघून इथे सांगा.

तापीकाठ | १३ मे, सकाळी ७:५१

आत्ता खाली जाऊन बघून आलो. चार वर्षं हे दार रोज उघडतोय, पट्टी कधी वाचली नव्हती. तीन माणसांपर्यंत पुढे ३३ मागे ३३. पूर्ण भरलेली असताना पुढे ३३ मागे ३६. खाली बारीक अक्षरांत 'थंड टायर' असं आहे.

वॉल्व_पिन | १३ मे, सकाळी ८:१५

आता हिशेब करा. पंपावर पोचेपर्यंत किती किलोमीटर झाले होते?

तापीकाठ | १३ मे, सकाळी ८:२०

घरून बहिणीकडे गेलो, तिथून सामान घेतलं, मग पंप. दहा-बारा किलोमीटर. वेळ साडेदहा.

वॉल्व_पिन | १३ मे, सकाळी ८:४०

म्हणजे टायर तापलेला होता. अशा वेळी काटा ३-४ पॉइंट (पीएसआय) जास्त दाखवतो. गरम टायरमध्ये २८ म्हणजे थंडमध्ये २४-२५. हवं होतं मागे ३६, होतं २४-२५. त्यात पाच माणसं, भरलेली डिकी, दुपार आणि ९० चा वेग. टायर नवा असता तरी मी खात्री दिली नसती.

अमळनेर_प्रयोगशाळा | १३ मे, दुपारी ४:३०

मी शाळेत विज्ञान शिकवतो. थोडं गणित मांडतो, कारण 'गरम झाल्यावर आपोआप वाढते' हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि पुढची चूक त्या अर्ध्यावर उभी राहते.

बंद टायरमध्ये हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. गेज, म्हणजे हवा मोजायचा काटा, जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा असतो, म्हणून ३३ मध्ये १४.७ मिळवायचे, होतात ४७.७. आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून.

मे महिन्यात पहाटे आपल्याकडे पारा २९ च्या आसपास असतो. तेव्हा ३३ भरली. दुपारी चालून चालून टायरमधली हवा ६५ अंशांवर गेली असं धरू. ४७.७ गुणिले ३३८ भागिले ३०२ म्हणजे सुमारे ५३.४. त्यातून १४.७ वजा केले की ३८.७. म्हणजे ३३ चे ३९ होतात. भीतीदायक काही नाही. तुमच्याच टायरवर ४४ किंवा ५१ ची मर्यादा लिहिलेली आहे, आणि ती मर्यादासुद्धा थंड टायरची असते. टायर चालताना गरम होणार हे धरूनच कंपनी पट्टीवरचा आकडा ठरवते. आपण पुन्हा त्यातून उन्हाचे वजा केले तर तेच दोनदा वजा होतं.

आता उलटं बघा, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. मे महिन्यात पहाटे २९ अंशांना ३३ भरली आणि विसरलात. जानेवारीत धुळ्या-नंदुरबारकडे पहाटे पारा ८ वर येतो. ४७.७ गुणिले २८१ भागिले ३०२, वजा १४.७. उरतात २९.७. नुसत्या थंडीने तीन पॉइंटपेक्षा जास्त गेले. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पॉइंट हवा झिरपतेच. आठ महिन्यांत मिळून हवा वीस-बावीसवर येऊ शकते, आणि टायर बघून कळतही नाही.

ढोबळ मानाने लक्षात ठेवायचं तर: तापमान साडेपाच-सहा अंशांनी बदललं की हवा एका पॉइंटने बदलते.

जुना_ड्रायव्हर | १३ मे, रात्री ९:१०

सर, गणित समजलं. तरी एक प्रश्न आहे. दुपारी लांबून आल्यावर काटा ३९ दाखवतोय आणि पुढे अजून दोनशे किलोमीटर जायचं आहे. तेव्हा थोडी सोडायला काय हरकत आहे?

वॉल्व_पिन | १३ मे, रात्री ९:४५

नाना, हीच हरकत आहे. गरम असताना सोडून ३३ केली, की रात्री टायर थंड झाल्यावर ती २७-२८ होते. सकाळी कोणी बघत नाही, गाडी तशीच निघते. दुपारी टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, काटा पुन्हा वर जातो, आपण पुन्हा सोडतो. रोज थोडी थोडी हवा कमी होत जाते आणि वाटतं आपण काळजी घेतोय. गरम टायरची हवा कधीच सोडायची नाही. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर सावकाश चाललेली.

शिरपूरची_बाई | १४ मे, सकाळी ६:३०

मी रोज धुळे ते शिरपूर गाडीने ये-जा करते, शाळा तिकडे आहे. गाडी जुनी घेतलेली, दाराच्या खांबावर स्टिकरची नुसती चिकट जागा उरलीय, अक्षर एक नाही. मॅन्युअलही मिळालं नाही. पंपावर विचारलं तर एक जण ३० म्हणतो, दुसरा ३५. मी एकटीच असते गाडीत. काय करू?

वॉल्व_पिन | १४ मे, सकाळी ८:०५

ताई, गाडीचं मॉडेल आणि साल घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, आकडा सांगतात. कंपनीच्या संकेतस्थळावर मॅन्युअलही मिळतं. फक्त टायरचा साइज तोच आहे का ते आधी बघा. जुन्या गाडीला आधीच्या मालकाने मोठे टायर टाकलेले असू शकतात.

साइज कडेला लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १६५/८० आर १४. त्याच्या पुढे ८५ टी किंवा ८८ एच असं काही असतं. तो आकडा वजनाचा: ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो उचलतो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचं. टायर बदलताना हा वजनाचा आकडा मूळच्यापेक्षा कमी होता कामा नये, स्वस्त मिळाला तरी.

तसंच चार अंकांचा एक शिक्का शोधा, लंबगोल चौकटीत. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीत नक्षी चांगली दिसते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. पाच वर्षं झाली की दर वर्षी कोणाला तरी दाखवून घ्यायचं. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर बदलायचाच.

शिरपूरची_बाई | १४ मे, रात्री ८:५०

बघितलं. तीन टायर २०२१ चे. चौथा, मागचा उजवा, २०१३ चा. गाडी विकणाऱ्याने मला चारही एकाच वेळी बदलले असं सांगितलं होतं. रोज या टायरवर तापीचा पूल ओलांडून जात होते मी. उद्याच बदलते. आभार तुमचे.

केळीबाग_सावदा | १४ मे, रात्री ९:३०

ताई, नक्की बदला. थांबू नका.

माझा प्रश्न सीएनजीचा. गाडीला बाहेरून किट बसवलंय, डिकीत सिलिंडर. हवा तीच ठेवायची का?

वॉल्व_पिन | १४ मे, रात्री १०:१०

सिलिंडर म्हणजे मागे कायम एक माणूस बसल्यासारखं आहे. तो उतरतच नाही. त्यामुळे तुमच्या पट्टीवर भरलेल्या गाडीचा मागचा जो आकडा असेल तो रोजचा समजा. कंपनीतून सीएनजी आलेली गाडी असेल तर तिच्या पट्टीवरचा आकडा सिलिंडर धरूनच दिलेला असतो. डिकीत केळीचे घड टाकून वर चार माणसं बसवणं मात्र टाळा. हवा कितीही वाढवली तरी टायरची वजनाची कमाल मर्यादा आहे तिथेच राहते.

चोपडा_ते_पुणे | १५ मे, सकाळी १०:२०

नायट्रोजनबद्दल कोणीच बोललं नाही. मी पुण्यात एका टायरचे ५० रुपये देऊन भरतो. नायट्रोजन गरम झाला तरी फुगत नाही, म्हणून उन्हाळ्यात सुरक्षित, असं सांगतात.

अमळनेर_प्रयोगशाळा | १५ मे, दुपारी ४:१५

आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि उष्णतेने दाब वाढण्याच्या बाबतीत नायट्रोजन आणि साधी हवा यांत फरक नाही, वर मांडलेलं गणित दोघांना सारखंच लागू. फरक आहे तो इतकाच की नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून थोडा सावकाश झिरपतो. विमानाच्या टायरमध्ये तो भरतात त्याची कारणं वेगळी आहेत, तिथे ब्रेकची उष्णता प्रचंड असते आणि आग लागू नये म्हणून ऑक्सिजन नको असतो. आपल्या गाडीत भरला तर नुकसान नाही. फक्त 'नायट्रोजन आहे' म्हणून सहा महिने तपासलंच नाही असं होऊ नये. कमी झाला आणि जवळ मशीन नसेल तर साधी हवा बिनधास्त भरा, मिसळल्याने काही बिघडत नाही.

वॉल्व_पिन | १५ मे, दुपारी ४:४०

सरांशी सहमत. मी दुकानात नायट्रोजन विकतो, तरी हेच सांगतो. ज्यांना दर महिन्याला तपासायची सवय आहे त्यांना साधी हवा पुरते. पंपावर ती फुकट द्यायची असते, मागा.

पांझरा | १५ मे, रात्री ११:००

समृद्धीबद्दल विचारायचं होतं. मी महिन्यातून दोनदा संभाजीनगरहून समृद्धीने नागपूरला जातो. सगळे म्हणतात सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात, म्हणून हवा पाच पॉइंट कमी ठेवून जायचं. कन्नड घाट उतरताना ब्रेकने चाकं तापतात ती वेगळीच.

वॉल्व_पिन | १६ मे, सकाळी ७:४५

हे ऐकून माझा जीव कासावीस होतो. दर उन्हाळ्यात कोणीतरी हे सांगतं आणि लोक ऐकतात.

समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर गाडी ७०-८० ने जाते, मधे गाव येतं, गतिरोधक येतो, चहाला थांबतो, टायरला श्वास मिळतो. समृद्धीवर तीन-तीन तास एकच वेग. ज्या टायरमध्ये आधीच दोष आहे, हवा कमी आहे, रबर म्हातारं आहे, कडेला जुनं पंक्चर काढलेलं आहे, तो तिथे उघडा पडतो. तो दोष घरूनच बरोबर आलेला असतो. आणि वेग जितका जास्त, तितकी कमी हवा जास्त घातक. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सतत जास्त वेगासाठी दोन-तीन पॉइंट जास्त भरा असं लिहिलेलं असतं. पाच कमी भरा असं एकाही कंपनीने लिहिलेलं मी पाहिलं नाही.

तुमच्यासाठी: निघायच्या दिवशी पहाटे घरीच पट्टीप्रमाणे हवा. स्टेपनीसकट. टायरच्या दोन्ही कडांवर हात फिरवून फुगा आलाय का ते बघा, आतल्या बाजूलासुद्धा, तिथे कोणी बघत नाही. खड्ड्यात चाक जोरात आपटलं की आतले धागे तुटतात आणि तिथे टेंगूळ येतं. असा टायर गावातही चालवू नका. दर दीड-दोन तासांनी थांबा. आणि वेग १०० ठेवलात तर नागपूर फार तर तासाभराने उशिरा येईल.

घाटातलं तुमचं म्हणणं खरं आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये या, ब्रेक कमी लागतात. घाट उतरून लगेच हवा तपासू नका, काटा काहीही दाखवेल.

तापीकाठ | १६ मे, सकाळी ९:३०

टायर फुटल्यावर नेमकं काय करायचं, हेही कोणीतरी लिहा. माझ्या पायाने त्या क्षणी ब्रेककडे धाव घेतली होती. बायको ओरडली, "दाबू नका". तिला कसं सुचलं माहीत नाही.

पांझरा | १६ मे, सकाळी १०:०५

वहिनींनी वाचवलं तुम्हाला. ब्रेक जोरात दाबला की फुटलेल्या बाजूला गाडी फिरते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ रेषेत ठेवायची, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग आपोआप पडू द्यायचा, आणि बराच कमी झाल्यावर सावकाश कडेला घ्यायची. लोकांना रस्त्यापासून लांब उभं करायचं, तुम्ही आईंना केलंत तसं.

सारंगखेडा | १७ मे, रात्री ८:००

नव्या गाडीत टायरच्या हवेचा दिवा आहे डॅशबोर्डवर. मग हे सगळं कशाला?

वॉल्व_पिन | १७ मे, रात्री ८:३५

दिवा हवाच. पण बऱ्याच गाड्यांत तो हवा साधारण पाव हिश्श्याने उतरल्यावर लागतो. ३३ च्या जागी २५ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, चाक किती वेगाने फिरतंय त्यावरून अंदाज काढतात. तिथे हवा भरल्यावर बटण दाबून नव्याने नोंद करायला लागते, नाहीतर तो चुकीच्या हवेलाच बरोबर समजतो. आणि चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर अशा दिव्याला ते उशिरा कळतं. तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का तेही बघा. असा दिवा आणि पंक्चर किट असेल तर २०२० पासून कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. अरुंद स्टेपनी असेल तर तिची हवा ६० असते आणि तिच्यावर ८० च्या पुढे जायचं नाही. दोन्ही तिच्यावरच लिहिलेलं असतं.

जुना_ड्रायव्हर | १८ मे, सकाळी ११:२०

चार-पाच दिवस काही लिहिलं नाही, कारण मुलाने हवेचं गेज आणून दिलं आणि मी स्वतः मोजत होतो. जे झालं ते लिहितो.

काल पहाटे पावणेसहा, भुसावळ, गाडी रात्रभर उभी. चारही चाकं २७ ते २८. जळगावला जाऊन लगेच मोजली, ३२. दुपारी दोनला परत आलो, ३४. टायरला हात लावला, कडेला धरवत नव्हता.

मुलाच्या पट्टीवर ३३ आहे. सायंकाळी थंड झाल्यावर छोट्या मशीनने ३३ केली, जे लायटरच्या जागी लावतात ते. आज सकाळी पुन्हा तोच रस्ता, तीच दुपारची वेळ नाही पण ऊन चांगलं होतं. जाऊन ३६. म्हणजे २७-२८ असताना चार-पाच वाढले, ३३ असताना तीनच. हात लावला, कोमट. अजून भर दुपारी बघायचं बाकी आहे, तेव्हा पूर्ण मान्य केलं असं म्हणत नाही. पण कमी हवेचा टायर जास्त तापतो हे हाताला कळलं.

गाडी खड्ड्यांत जरा टणक वाटते. माझी पाठ दुखते, म्हणून सांगतो.

वॉल्व_पिन | १८ मे, दुपारी १:००

नाना, तुम्ही स्वतः मोजून लिहिलंत, याची किंमत माझ्या दहा पोस्टपेक्षा जास्त आहे. तुमच्या ओळखीचे सगळे ड्रायव्हर तुमचं ऐकतील.

टणकपणा खरा आहे, ते नाकारत नाही. पाठीसाठी पट्टीच्या एखाद पॉइंट खाली आलात तर आकाश कोसळणार नाही, पण पाच नको. शॉकॲब्सॉर्बर एकदा दाखवून घ्या, मुलाची गाडी किती किलोमीटर झालीय? पुष्कळदा टायर मऊ करून आपण शॉकॲब्सॉर्बरचं काम टायरकडून करून घेतो.

जुना_ड्रायव्हर | १८ मे, दुपारी १:३०

एक लाख दहा हजार. दाखवतो.

केळीबाग_सावदा | १८ मे, रात्री ९:००

छोटं मशीन आणि गेज, दोन्ही घ्यायचं का? पंपावरचा काटा चालत नाही का?

वॉल्व_पिन | १८ मे, रात्री ९:२०

पंपावरचा काटा दिवसभर जमिनीवर आपटतो. तीन-चार पॉइंटचा फरक मी स्वतः मोजलाय. मशीनवरचा आकडाही एकदा दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून बघा. फरक नेहमी सारखाच येत असेल तर तो लक्षात ठेवून वापरा. आमच्या दुकानात कोणी नुसतं गेज ताडायला आलं तर मी पैसे घेत नाही, बहुतेक टायरवाले घेणार नाहीत.

मशीनवर पीएसआय आहे की बार हेही बघा. २.३ बार म्हणजे ३३ पीएसआय. २३० लिहिलं असेल तर ते किलोपास्कल, तेही ३३ च.

तापीकाठ | १९ मे, सकाळी ६:२५

आत्ता खाली बसून मोजून आलो, आई गॅलरीतून बघत होती. मागे दोन नवे टायर, पुढचे जुनेच. काल रात्री साडेनऊला गाडी उभी केली होती. पुढचा डावा ३३. पुढचा उजवा ३०. मागचे दोन्ही ३६, आज पाच माणसं आहेत. स्टेपनी ३८, थोडी जास्तच ठेवलीय, लागली तर सोडता येते.

३० वाला तीन दिवसांपूर्वी ३३ केला होता. वॉल्वच्या तोंडावर साबणाचं पाणी लावलं तर मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला. वॉल्व पिन गळतेय. झाकणही नव्हतं त्याला, कधी पडलं कोणास ठाऊक.

कोपऱ्यावरचं दुकान आठला उघडतं. पिन बदलून मगच निघतो, आईला सांगितलंय उशीर होईल म्हणून.

वॉल्व_पिन | १९ मे, सकाळी ६:५०

दुसऱ्या पिना पण बदलून घ्या, मागच्या नव्या टायरबरोबर बदलल्या नसतील तर त्याही याच वयाच्या आहेत. झाकणं चारही लावा, धूळ आत गेली की पिन बसत नाही नीट. धुळ्यात चहाला थांबा.